क्लच नवे टाकले तरी लोडर पुन्हा ओढेना: पॉवरशिफ्ट गिअरबॉक्समधला खरा दोष कसा गाठायचा

तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. सकाळी लोडर झकास चालतो, दोन-तीन तास काम झालं की ओढ कमी होते. ढिगाऱ्यात बकेट घातली की इंजिनचा आवाज चढतो, पण मशीन जागचं हलत नाही. मग गिअरबॉक्स उतरवतात, खोलतात, आणि एका क्लच पॅकच्या, म्हणजे पिस्टनने एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या प्लेटांच्या संचाच्या, प्लेटा काळ्या पडलेल्या दिसतात. प्लेटा बदलल्या, सील किट टाकलं, गिअरबॉक्स चढवला, मशीन कामावर गेलं. काही आठवड्यांत तोच लोडर, तीच तक्रार, आणि खोलल्यावर त्याच क्लचच्या प्लेटा पुन्हा जळालेल्या.

प्लेट आपण होऊन जळत नाही. ती घसरते म्हणून जळते, आणि घसरते कारण पिस्टन दाबून धरणारं ऑइलचं प्रेशर कमी पडतं, उशिरा येतं, किंवा सुटायच्या वेळी पूर्ण सुटत नाही. यातलं नेमकं काय झालं हे मशीन चालू असतानाच मोजता येतं. गिअरबॉक्स एकदा टेबलावर आला की पंप फिरत नाही, ऑइल गरम नाही, आणि मोजायला काही उरतच नाही. म्हणून माझं म्हणणं ठाम आहे: प्रेशर गेज लावल्याशिवाय गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावू नये.

खालचं सगळं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलच्या प्रवाहातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स (ऑइलच्या प्रेशरने क्लच धरून गिअर बदलणारा) असलेल्या मशीनबद्दल आहे: व्हील लोडर, बॅकहो लोडर, आर्टिक्युलेटेड डंपर वगैरे. एक्स्कॅव्हेटरची चाल हायड्रॉलिक ट्रॅव्हल मोटरवर असते, तिथे हा हिशोब लागू होत नाही.

ऑइल आधी कोणाला मिळतं

दोष शोधायचा तर ऑइलचा रस्ता डोक्यात पक्का हवा. संपमधलं, म्हणजे तळाच्या टाकीतलं, ऑइल सक्शन स्ट्रेनरमधून (ओढीच्या बाजूच्या जाळीतून) चार्ज पंपाकडे जातं. हा पंप कन्व्हर्टरच्या इंजिनकडच्या बाजूने फिरवला जातो, त्यामुळे इंजिन बंद तर पंपही बंद. पंपातून ऑइल फिल्टरला आणि तिथून रेग्युलेटिंग व्हॉल्व्हला. हा व्हॉल्व्ह आधी क्लचच्या लाइनचं प्रेशर पुरं करतो आणि उरलेलं ऑइल कन्व्हर्टरला सोडतो. कन्व्हर्टरमधून तापून निघालेलं ऑइल कूलरमध्ये जातं, आणि कूलरमधून थंड होऊन आलेलं ऑइल क्लच पॅकना आणि बेअरिंगना वंगण देत संपमध्ये उतरतं.

या क्रमातच पुष्कळशी उत्तरं आहेत. पहिला हक्क क्लचचा, दुसरा कन्व्हर्टरचा, आणि वंगणाची पाळी सगळ्यात शेवटी. पंप झिजला, स्ट्रेनर अर्धा चोक झाला, किंवा कुठे आत गळती वाढली, की रेग्युलेटिंग व्हॉल्व्ह क्लचचं प्रेशर सांभाळण्यासाठी कन्व्हर्टरचं ऑइल कमी करतो. कन्व्हर्टरला कमी म्हणजे कूलरला कमी, आणि कूलरला कमी म्हणजे वंगणाला कमी. मेन प्रेशरचं गेज १८ बार दाखवत राहतं, सगळे म्हणतात प्रेशर ठीक आहे, आणि आत प्लेटा कोरड्या पडून जळत असतात. मेन प्रेशर बरोबर असूनही क्लच वारंवार जातो आणि पत्ता लागत नाही, अशा बऱ्याच मशीनमध्ये लुब्रिकेशनचं प्रेशर कोणी मोजलेलंच नसतं. एक गेज मेनवर आणि एक लुबवर, दोन्ही एकाच वेळी हवीत.

ऑपरेटरला काय विचारायचं

‘गाडी ओढत नाही’ एवढ्यावर काम सुरू करू नका. कुठल्या गिअरमध्ये, कुठल्या दिशेला, थंड असताना की गरम झाल्यावर, सपाटीवर की चढावर, हे विचारा. मग स्वतः सीटवर बसून पाहा.

काउंटरशाफ्ट (समांतर शाफ्टांच्या) पद्धतीच्या पॉवरशिफ्टमध्ये साधारणपणे कुठलाही गिअर म्हणजे दोन क्लच एकदम धरलेले असतात, एक दिशेचा आणि एक स्पीडचा. कागदावर आडव्या दोन ओळी आखा, पुढे आणि मागे. उभे रकाने पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येक चौकटीत मशीन ओढतं की घसरतं ते लिहा. पुढचे सगळे गिअर घसरतात आणि मागचे सगळे चांगले आहेत, तर दोष पुढच्या दिशेच्या क्लचमध्ये किंवा त्याला ऑइल नेणाऱ्या वाटेत. पुढचा पहिला आणि मागचा पहिला घसरतात, बाकी ठीक, तर पहिल्या स्पीडचा क्लच. सगळ्याच चौकटी वाईट असतील तर एका क्लचवर संशय घेण्यात अर्थ नाही. तिथे सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी तपासायच्या, म्हणजे ऑइल, स्ट्रेनर, पंप, रेग्युलेटिंग व्हॉल्व्ह आणि कन्व्हर्टर. वरच्या गिअरमध्ये मशीन तसंही कमी ओढतं, तेव्हा त्या रकान्यावरून निष्कर्ष काढताना जपून. काही गिअरबॉक्समध्ये क्लचची जोडणी वेगळी असते. कुठल्या गिअरला कुठले क्लच धरतात याचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तो समोर ठेवूनच ही जुळवणी करा.

थंड-गरमचा फरकही तितकाच बोलका असतो. गरम झाल्यावर बिघडतं आणि थंड झाल्यावर आपोआप सुधारतं, तर बहुधा आतली गळती आहे: झिजलेल्या सीलिंग रिंगा, पिस्टनचं सील, झिजलेला पंप. ऑइल पातळ झालं की तीच फट जास्त ऑइल सोडते. याच्या उलट, सकाळी गिअर टाकल्यावर मशीन उशिरा हलतं आणि तासाभरात सुरळीत होतं, तर स्ट्रेनर चोक असेल, चुकीच्या ग्रेडचं जाड ऑइल असेल, किंवा सील कडक झालेली असतील. कडक सील थंडीत नीट बसत नाहीत, गरम झाली की जरा मऊ पडतात. फक्त चढावर किंवा उतारावर ओढ जात असेल तर ऑइल लेव्हल पाहा, सक्शनचं तोंड उघडं पडत असेल.

न्यूट्रलमध्ये मशीन सरकण्याचं तसंच. थंड ऑइल जाड असतं, त्याच्या चिकटपणामुळे प्लेटा एकमेकींना थोड्या ओढतात, म्हणून सकाळी किंचित सरकणं हा दोष धरू नये. ऑइल पूर्ण गरम झाल्यावरही न्यूट्रलमध्ये मशीन पुढे चालत असेल तर पुढच्या क्लचच्या प्लेटा वाकल्या आहेत, चिकटल्या आहेत, किंवा व्हॉल्व्हचा स्पूल (आत सरकणारा दांडा) अडकून त्या क्लचला प्रेशर मिळतच राहिलं आहे. असं मशीन मागच्या गिअरमध्ये टाकलं की दोन दिशांचे क्लच एकमेकांशी झगडतात, इंजिन दबतं, आणि ‘मागे जात नाही’ अशी तक्रार येते. मागचा क्लच मात्र चांगला असतो. नुसत्या तक्रारीवर विसंबून मागचा क्लच बदलला जातो तो असा.

गिअरबॉक्सबाहेरचे दोष

ही तपासणी झटपट होते, आणि ती सोडल्याने गिअरबॉक्स विनाकारण खोलले गेले आहेत.

व्हील लोडरमध्ये ब्रेक पॅडल दाबलं की ट्रान्समिशन सुटण्याची सोय असते, कट-ऑफ किंवा डी-क्लच. त्याचा स्विच किंवा व्हॉल्व्ह अडकला, पॅडलखाली माती साचली, की पाय काढल्यावरही गिअरबॉक्सला ‘ब्रेक दाबलेला आहे’ असंच कळत राहतं. कट-ऑफचं बटण बंद करून मशीन चालवून पाहा. पार्किंग ब्रेकच्या स्विचचंही तसंच. हँडब्रेक सुटला असून स्विच सुटला नसेल तर गिअर लागत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेक धरून राहणं. ॲक्सलमधले ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक नीट सुटत नसतील तर मशीन जड चालतं, इंजिन दबतं, कन्व्हर्टर तापतो, आणि दोष गिअरबॉक्सवर जातो. अर्धा तास काम करून इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही हबांचं तापमान पाहा. एक हब बाकीच्यांपेक्षा बरंच गरम असेल तर आधी तो ब्रेक बघा. सपाट जागी, समोर कोणी नसताना, हळू चालतं मशीन न्यूट्रलमध्ये टाकून कसं गडगडतं तेही पाहा. चटकन थांबत असेल तर काहीतरी धरून आहे.

ऑइल आणि फिल्टर

बहुतेक पॉवरशिफ्टमध्ये लेव्हल इंजिन आयडलवर (रेस न देता, सगळ्यात कमी फेऱ्यांवर) चालू ठेवून, ऑइल कामाच्या तापमानाला आल्यावर बघायची असते. इंजिन बंद केल्यावर कन्व्हर्टर आणि कूलरमधलं ऑइल थोडं थोडं संपमध्ये उतरतं, त्यामुळे बंद मशीनवर डिपस्टिक भरलेली दिसते आणि चालू झाल्यावर लेव्हल खाली जाते. काही मशीनमध्ये रीत वेगळी असते, ती डिपस्टिकवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. जास्त ऑइलही कमी ऑइलइतकंच वाईट: गिअर ते घुसळतात, हवा मिसळते, फेस होतो, आणि फेसाळ ऑइल क्लच घट्ट दाबू शकत नाही. लेव्हल बरोबर असून फेस येत असेल तर सक्शनच्या बाजूला हवा शिरते आहे, बहुधा सक्शन पाइपच्या ओ-रिंगमधून. अशा वेळी पंप किरकिरतो, आणि इंजिनच्या फेऱ्या वाढवल्या की किरकिर वाढते.

ऑइल कुठलं घातलं ते खात्री करून घ्या. टीओ-४ दर्जाचं (पॉवरशिफ्टच्या क्लचसाठी ठरवलेलं) ऑइल सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये ‘सारखंच असतं’ म्हणून भलतंच ऑइल घातलं की नव्या प्लेटाही घसरतात, कारण क्लचला ठराविक घर्षण लागतं आणि घर्षण कमी करणारी द्रव्यं मिसळलेल्या ऑइलमध्ये ते मिळत नाही. कोणाला आठवत नसेल तर मॅन्युअलप्रमाणे ऑइल बदलूनच पुढे जा.

ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी किंवा कूलंट आत आलं आहे. पाण्यावर चालणारा कूलर असेल तर रेडिएटरचं झाकण, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, उघडून वर तेलाचा तवंग आहे का बघा. इंजिन चालू असताना कूलरमध्ये ऑइलचं प्रेशर जास्त, म्हणून ऑइल पाण्यात जातं; इंजिन बंद केल्यावर गरम रेडिएटरमध्ये प्रेशर उरतं, म्हणून पाणी ऑइलमध्ये येतं. दोन्हीकडे खुणा सापडल्या तर कूलर फुटला आहे. रेडिएटर स्वच्छ असेल तर ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्समध्ये हवा ये-जा करण्याचं तोंड, पाहा. प्रेशरने मशीन धुताना पाणी तिथून आत जातं. कूलंटमधलं ग्लायकॉल घर्षण-प्लेटांवरचं अस्तर चिकटवणारा गोंद सैल करतं, म्हणून कूलंट गेलेल्या गिअरबॉक्समध्ये नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

आता फिल्टर. जुना फिल्टर तसाच भंगारात टाकू नका, तो कापा. करवतीने कापलात तर करवतीचाच भुसा आत पडेल, फिल्टर कटर वापरा. कागदाच्या घड्या सुट्या करून पांढऱ्या ट्रेमध्ये पसरा, ऑइल निथळू द्या, डिझेलने हलकेच धुवा आणि तळाशी बसलेला कचरा उजेडात पाहा. काळी, बोटांत चुरगळणारी पूड कागदी अस्तराची. पिवळसर-लालसर चमकणारे, चुंबकाला न चिकटणारे कण सिंटर्ड ब्राँझ (धातूची पूड दाबून-तापवून बनवलेल्या) प्लेटांचे किंवा बुशचे. चुंबकाला चिकटणारे पातळ पापुद्रे बेअरिंगचे किंवा गिअरच्या दातांचे. चांदीसारखे, हलके आणि चुंबकाकडे ढुंकूनही न बघणारे कण ॲल्युमिनियमचे. बऱ्याच कन्व्हर्टरची चाकं ॲल्युमिनियमची असतात, तेव्हा असे कण भरपूर दिसले तर आधी कन्व्हर्टरवर संशय घ्या. रबराचे तुकडे सीलचे. चुंबक सरळ कचऱ्यात बुडवू नका, ट्रेच्या खालून फिरवा. कण त्याच्याबरोबर सरकतात, आणि काय सरकतं, काय जागीच राहतं ते स्पष्ट दिसतं.

थोडी बारीक पूड प्रत्येक गिअरबॉक्समध्ये असतेच. मोठे पापुद्रे, तुकडे, किंवा गेल्या वेळेपेक्षा एकदम वाढलेलं प्रमाण, याची दखल घ्यायची.

गेज लावणं

मशीन सपाट जागी, बकेट जमिनीवर, चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके, पार्किंग ब्रेक लावलेला, आर्टिक्युलेशनचा (मशीनच्या मधल्या सांध्याचा) लॉक बसवलेला. गेज बघणारा माणूस चाकांच्या आणि सांध्याच्या मधे उभा राहता कामा नये. होज इतका लांब घ्या की गेज केबिनजवळ आणता येईल. मेन प्रेशरला ० ते ४० बारचं गेज चालतं. लुबला ० ते १० बारचंच घ्या, कारण लुबचं दीड बारसारखं कमी प्रेशर मोठ्या गेजवर नीट वाचताच येत नाही.

क्लचचं प्रेशर बऱ्याच गिअरबॉक्समध्ये १५ ते २० बारच्या आसपास असतं, पण तुमच्या मशीनचा आकडा मॅन्युअलचाच धरायचा. ऑइल ८० ते ९५ अंश सेल्सिअसला आल्यावर मोजा. थंड ऑइलवर घेतलेलं प्रेशर खोटा दिलासा देतं.

पहिलं वाचन न्यूट्रलमध्ये, लो आयडलवर. मग फेऱ्या तशाच ठेवून, ब्रेक दाबून, एकेक गिअर टाकत जा आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहा. गिअर टाकताच काटा क्षणभर खाली जातो आणि पुन्हा वर येतो. क्लचची पोकळी भरताना ऑइल तिकडे जातं म्हणून. वर येऊन कुठे स्थिरावतो ते महत्त्वाचं. आयडलवर पंपाचा पुरवठा सगळ्यात कमी असतो, त्यामुळे एखादा क्लच गळत असेल तर तो इथेच उघडा पडतो. फेऱ्या वाढवल्या की पंप गळती भरून काढतो आणि आकडे सारखे दिसू लागतात. बऱ्याच मॅन्युअलमध्ये सगळ्या क्लचचं प्रेशर एकमेकांपासून ५ पीएसआयच्या आत, म्हणजे साधारण ०.३५ बारच्या आत असावं असं दिलेलं असतं. एका क्लचचा आकडा याहून जास्त खाली असेल तर गळती त्याच वाटेवर आहे.

आकडे सगळीकडे सारखेच कमी असतील तर स्ट्रेनर, पंप आणि रेग्युलेटिंग व्हॉल्व्ह बघा. फेऱ्या वाढवल्यावरही प्रेशर चढत नाही तर व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल किंवा त्याची स्प्रिंग तुटली असेल. फेऱ्यांबरोबर चढतं पण आयडलवर पडतं, तर पंप झिजला असण्याची शक्यता जास्त. रेग्युलेटिंग व्हॉल्व्हखाली शिम (पातळ चकती) घालून प्रेशर वाढवण्याची सवय काही ठिकाणी आहे. गळती तशीच ठेवून असं केलं की कन्व्हर्टर आणि वंगण यांच्या वाट्याचं ऑइल आणखी घटतं. हे करू नका.

एक उदाहरण

एका व्हील लोडरचा पुढच्या दिशेचा क्लच वारंवार जळत होता. प्रत्येक वेळी प्लेटा नवीन, सील किट नवीन. थंड असताना न्यूट्रल, पुढे, मागे, तिन्हीकडे १८ बार. ऑइल ९० अंशांवर आल्यावर आयडलला न्यूट्रलमध्ये १७.५, मागे १७.२, आणि पुढे १४.५. म्हणजे पंप ठीक, व्हॉल्व्ह ठीक, मागचा क्लच ठीक. पुढच्या क्लचच्या वाटेवर तीन बार कुठेतरी जात होते. हे गिअरबॉक्स उतरवायच्या आधी माहीत असल्यामुळे खोलल्यावर नजर प्लेटांवर न थांबता ऑइलच्या वाटेवर गेली.

पिस्टनची सील अखंड होती. शाफ्टवरच्या सीलिंग रिंगाही नव्या, त्यांच्या खाचांत मोकळ्या फिरणाऱ्या. मग रिंगा ज्या बोअरमध्ये (गोल भोकात) फिरतात तो पुसून कोरडा केला आणि टॉर्च तिरकी धरली. दोन बारीक, चमकदार पट्टे दिसत होते. नुसत्या डोळ्यांना ती पॉलिश वाटते, पण अंगठ्याचं नख बोअरच्या लांबीच्या दिशेने ओढलं की पट्ट्याच्या काठावर ते अडकत होतं, दोन्ही ठिकाणी. जुन्या रिंगांनी तिथे पायरी पाडली होती. नवी रिंग त्या पायरीवर टेकायची, पूर्ण गोलाईला बसायचीच नाही. थंड, जाड ऑइल ती फट लपवत होतं. बोअर गेजने माप घेतलं तर ते मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर होतं. तो भाग बदलल्यावर गरम ऑइलवर पुढचं-मागचं प्रेशर सारखं आलं.

सील किट बदलताना रिंग नवी येते, बोअर जुनाच राहतो. रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजा, आणि ती पट्ट्यावर आणि पट्ट्याबाहेर अशी दोन्ही ठिकाणी मोजा. दोन आकड्यांत फरक आला की झीज कळली.

स्टॉल टेस्ट

कन्व्हर्टरचं स्टॉल म्हणजे चाकं ब्रेकने धरून, मॅन्युअल सांगेल त्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन इंजिन किती फेऱ्यांपर्यंत चढतं ते बघणं. आकडा मॅन्युअलपेक्षा बराच वर असेल तर क्लच घसरतोय किंवा कन्व्हर्टर पूर्ण भरलेला नाही. खाली असेल तर आधी इंजिनची ताकद तपासा: एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बो. उंच डोंगराळ भागात इंजिन थोडं कमीच देतं, तेही धरा. इंजिन निर्दोष असून स्टॉल खूपच खाली आला, आणि कन्व्हर्टरमध्ये स्टेटरला (परतणाऱ्या ऑइलची दिशा बदलणाऱ्या चाकाला) फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेला फिरू देणारी जोडणी, असेल, तर ते फ्रीव्हील दोन्ही दिशांना सुटतंय. तेच फ्रीव्हील जाम झालं तर स्टॉलचा आकडा बरोबर येतो, पण मशीन वरच्या स्पीडला पोहोचत नाही आणि मोकळ्या रस्त्यावर तापतं.

ही टेस्ट लांबवू नका, आणि का ते आकड्यांनी पाहा. स्टॉलमध्ये चाकं फिरत नाहीत, त्यामुळे कन्व्हर्टरमध्ये गेलेली इंजिनची सगळी ताकद ऑइल तापवण्यात जाते. समजा ऑइल ४० लिटर, म्हणजे साधारण ३५ किलो. एक किलो ऑइल एक अंश तापवायला सुमारे २ किलोज्यूल लागतात, सगळ्याला मिळून ७०. इंजिन ८० किलोवॅट देत असेल तर ऑइल दर सेकंदाला एका अंशापेक्षा जास्त तापतं, आणि कन्व्हर्टरच्या आतलं थोडं ऑइल त्याहून कितीतरी वेगाने. १० ते १५ सेकंदांत आकडा घ्या, लगेच न्यूट्रल करा, मध्यम फेऱ्यांवर इंजिन चालू ठेवून ऑइल कूलरमधून फिरू द्या. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं ऑइल १२० अंशांवर जाऊ देऊ नका. एकाच क्लचवर संशय असेल तर त्या गिअरमध्ये वारंवार स्टॉल घेणं म्हणजे उरलेल्या प्लेटाही जाळणं.

वायरिंग आणि सोलेनॉइड

प्रेशर ठीक, ऑइल ठीक, पण एखादा गिअर कधी लागतो कधी नाही, धक्क्याने सुटतो, तर विजेकडे वळा. कंट्रोलरमधले फॉल्ट कोड आधी लिहून घ्या, मगच पुसा. कोडमध्ये सोलेनॉइडचं (विजेने चालणाऱ्या व्हॉल्व्हचं) नाव आलं म्हणून सोलेनॉइडच खराब असं नाही. कोड एवढंच सांगतो की त्या सर्किटमध्ये करंट अपेक्षेप्रमाणे गेला नाही. दोन सारखे सोलेनॉइड आपसांत बदला. दोष सोलेनॉइडबरोबर दुसऱ्या गिअरला गेला तर तो खराब, जागेवरच राहिला तर वायर, प्लग किंवा कंट्रोलर.

कॉइलचा रेझिस्टन्स सगळ्या सारख्या कॉइलमध्ये मोजून तुलना करा, आणि गरम मशीनवरही मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांवरून १०० अंशांवर गेल्यावर तो तीस टक्क्यांच्या आसपास वाढलेला असणारच. हे माहीत नसेल तर चांगली कॉइल फेकली जाते. त्या सगळ्यांत एकीचा आकडा एकदम अनंत दाखवायला लागला तर आतली तार गरम झाल्यावर सुटते आहे. व्होल्टेज मोजताना प्लग काढून मोजू नका. सडलेल्या पिनवरही प्लग सुटा असताना २४ व्होल्ट दिसतात, आणि जोडल्यावर करंट वाहू लागला की कॉइलपाशी १७-१८ च उरतात. प्लग जोडलेला ठेवून, मागून पिन टोचून मोजा. अर्थिंगच्या बाजूनेही मोजा. गिअरबॉक्सजवळचा अर्थिंग पॉइंट मातीत आणि ऑइलमध्ये असतो, तो उघडून घासून घट्ट केल्याने सुटलेले दोष पुष्कळ आहेत.

कामाची पद्धत

यंत्रात काही सापडत नाही आणि तरी दिशेचा क्लच जातो, तेव्हा मशीन कसं चालवलं जातं ते बाजूला उभं राहून बघा. वेगात पुढे चाललेलं मशीन न थांबवता मागच्या गिअरमध्ये टाकलं की ते थांबवण्याचं काम क्लचवर पडतं. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: ताशी ५ किलोमीटरऐवजी १० वर दिशा बदलली तर क्लचला चौपट ऊर्जा पचवावी लागते. दिवसभर भराई करणाऱ्या लोडरमध्ये हे शेकडो वेळा होतं. ऑपरेटरला दोष देण्याऐवजी ब्रेकने वेग कमी करून मग दिशा बदलायला दाखवा. ढिगाऱ्यात दुसऱ्या गिअरने ढकलत राहणंही तसंच, कन्व्हर्टर सतत स्टॉलजवळ राहतो आणि ऑइल उकळतं.

पुन्हा बांधताना

क्लच जळालेल्या गिअरबॉक्समधला कचरा कूलरमध्ये आणि होजमध्ये जाऊन बसतो. गिअरबॉक्स धुऊन, नव्या प्लेटा टाकून चढवला आणि कूलर तसाच ठेवला, तर पहिल्याच तासात तो कचरा परत येतो, आणि तोही कूलरनंतरच्या वाटेने, थेट क्लच आणि बेअरिंगच्या वंगणात; मधे फिल्टर नसतो. कूलर दोन्ही दिशांनी फ्लश करा. बेअरिंग फुटून लोखंडाचे तुकडे गेले असतील तर फ्लशवर विसंबू नका, कूलर बदला. होजही बदला. व्हॉल्व्ह बॉडी खोलून प्रत्येक स्पूल स्वतःच्या वजनाने सरकतो का पाहा.

बांधताना प्रत्येक क्लच ड्रम कवरमध्ये बसवण्याआधी त्याच्या ऑइलच्या भोकातून हवा देऊन बघा. पिस्टन ठक्कन बसला पाहिजे आणि हवा सोडताच परत आला पाहिजे. नव्या घर्षण-प्लेटा ऑइलमध्ये भिजवून बसवा. कंट्रोलर असलेल्या गिअरबॉक्समध्ये क्लच बदलल्यावर क्लच भरण्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. जुन्या, झिजलेल्या प्लेटांच्या हिशोबाने कंट्रोलर ऑइल देत राहिला तर गिअर धक्क्याने बसतात किंवा घसरत बसतात, आणि नव्या प्लेटा पहिल्या दिवसापासून झिजू लागतात. हे राहून गेल्यामुळे बिचाऱ्या नव्या क्लचला नावं ठेवली जातात.

मशीन बंद पडल्यावर ओढून नेणार असाल तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून ॲक्सलला जाणारा शाफ्ट) सोडा. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, आणि चाकांकडून फिरणारे शाफ्ट कोरडे फिरतात. लांबवर असं ओढून आणलेल्या गिअरबॉक्समध्ये आधी नसलेला दोष तयार होतो.

काम झाल्यावर ऑइल गरम करून पुन्हा तीच गेजं लावा आणि न्यूट्रल, पुढे, मागे, प्रत्येक स्पीड, लुब, सगळे आकडे तारखेसह आणि तास-मीटरसह मशीनच्या फाइलमध्ये लिहा. दुरुस्तीनंतर फिल्टर ५० तासांनी आणि पुन्हा १०० तासांनी बदला, दोन्ही कापून पाहा. १०० तासांना गरम ऑइलवर आयडलचे आकडे परत घ्या. एका क्लचचा आकडा बाकीच्यांपासून दूर जाऊ लागला असेल, तर प्लेटा अजून चांगल्या आहेत तोवरच मशीन थांबवून त्या क्लचची वाट तपासा.